असू दे बरोबर

मानवजातीचे विद्वानांनी आजवर अनेक भाग पाडले. रंगावरून पाडले, भाषेवरून पाडले, खिशावरून तर पाडलेच पाडले. पण प्रवासाला निघायच्या आदल्या रात्री, उघड्या बॅगेसमोर, माणसांचे खरे भाग दोनच पडतात. एक, ‘असू दे बरोबर’ म्हणणारे. आणि दुसरे, ‘कशाला हवंय?’ म्हणणारे. पहिल्या पंथातला माणूस दोन दिवसांसाठी महाबळेश्वरला निघाला तरी त्याच्या सामानात टॉर्च, सुतळी, सुईदोरा, ओवा, दोन कुलपं आणि त्या कुलपांच्या चार किल्ल्या निघतात. दुसऱ्या पंथातला माणूस काश्मीरला निघाला तरी खांद्याला एक शबनम अडकवतो आणि म्हणतो, ‘‘लागलंच काही तर तिथे मिळतं की!’’ या दोन पंथांत विचारांची देवाणघेवाण कधी होत नाही. लग्नं मात्र हटकून होतात.

वरवर पाहता हे घरगुती भांडण वाटतं, पण मुळात तो फार जुना प्रश्न आहे. उद्याची तरतूद माणसानं किती करावी? आपली परंपरा याबाबतीत आपल्याला काडीची मदत करत नाही. ती एका तोंडानं सांगते, थेंबे थेंबे तळे साचे. आणि दुसऱ्या तोंडानं सांगते, ज्यानं चोच दिली तो चारा देईल. म्हणजे तळं साचवून ठेवा आणि त्याच्या काठावर चोच उघडून बसा! बरं, वाद मिटवायला पुरावा काढावा, तर तोही मिळत नाही. सुतळी नेली म्हणून किती नुकसान झालं आणि नेली नाही म्हणून किती झालं, हे तराजूत घालून कोणाला दाखवता आलेलं नाही.

अलीकडे मात्र हा सनातन प्रश्न ग्रॅममध्ये मोजता येईल अशा स्वरूपात मला भेटला. तो भेटला जर्मनीत, आमच्या भाच्याच्या इमारतीच्या तळघरात. डोंगरात चालवायच्या विजेच्या सायकलीला बॅटरी केवढी घ्यावी, असं त्या प्रश्नाचं आजचं रूप आहे.

भाचा स्टुटगार्टला असतो. हे गाव वाटीसारख्या खोलगट जागेत वसलेलं आहे, त्यामुळे कुठेही जायचं म्हणजे आधी चढ. शनिवार-रविवारी नवराबायको सायकली मोटारीच्या मागे अडकवून आल्प्सच्या पायथ्याशी जातात आणि डोंगर चढून उतरतात. आमच्या लहानपणी पुण्यात सगळेच सायकली चालवीत. पण डोंगर आणि सायकल यांचा संबंध इतकाच होता, की चढ लागला की आपण उतरायचं आणि सायकलीला हाताशी धरून, आजारी माणसाला फिरवावं तसं वर न्यायचं. आता त्या सायकलीला मोटर बसवतात. युरोपातला कायदा मोठा शहाणा आहे. मोटरची कायम चालायची ताकद २५० वॉटपेक्षा जास्त असता कामा नये, तुम्ही पेडल मारल्याशिवाय तिनं हलता कामा नये, आणि ताशी २५ किलोमीटरचा वेग झाला की तिनं हात काढून घ्यायचा. मोटरनं असं समजूतदार सासूसारखं वागावं, अशी कायद्याची अपेक्षा आहे.

आता या मोटरला वीज पुरवायची बॅटरी सायकलीच्या खालच्या जाड नळीत असते. ती मोजतात वॉट-अवरमध्ये. हा शब्द ऐकून दचकायचं कारण नाही. हजार वॉट-अवर म्हणजे आपल्या विजेच्या बिलावरचं एक युनिट. तेव्हा ५०० ची बॅटरी म्हणजे अर्धा युनिट, ७५० ची म्हणजे पाऊण. पाऊण युनिटात आपल्या घरचा दोन हजार वॉटचा गीझर बावीस-तेवीस मिनिटं चालतो. एका माणसाच्या आंघोळीच्या पाण्यावर दुसरा माणूस दोन डोंगर चढून येतो, हे ऐकल्यापासून मी बादलीकडे जरा आदरानं पाहतो.

भाच्यासमोर प्रश्न होता तो असा. अर्ध्या युनिटाची बॅटरी साधारण तीन किलोची, पाऊण युनिटाची सव्वाचार किलोच्या पुढे. शिवाय हलक्या सायकली निघाल्या आहेत. ट्रेक कंपनीनं २०२२ साली काढलेल्या एका सायकलीत ३६० ची बॅटरी असते आणि तिचं वजन दोन किलोसुद्धा भरत नाही. अशी सायकल सगळी मिळून अठरा किलोच्या आसपास. मोठ्या बॅटरीची बावीस ते पंचवीस. किती घ्यावी? भाचा इंजिनियर असल्यामुळे त्यानं या प्रश्नासाठी चौदा रकान्यांचा तक्ता केला होता. त्याच्या लग्नाच्या वेळी त्यानं एकही रकाना आखला नव्हता, याचं मला त्या दिवशी नवल वाटलं.

‘‘मामा, साधा हिशेब आहे,’’ तो म्हणाला. मराठी माणूस ‘साधा हिशेब आहे’ म्हणाला की खुर्ची जवळ ओढून बसावं. ‘‘माणूस आणि सायकल मिळून शंभर किलो धरा. ते हजार मीटर वर उचलायला पाव युनिटाहून थोडीशी जास्त शक्ती लागते, २७२ वॉट-अवर. त्यात मोटरची गळती आली, टायरचं घर्षण आलं, चिखल आला. आणि त्यातून माझे पाय जेवढं काम करतील तेवढं वजा.’’

‘‘पाय किती करतात?’’

‘‘नेमानं व्यायाम करणारा माणूस तासभर सतत शंभर वॉट देऊ शकतो.’’

मी मनातल्या मनात भागाकार केला. म्हणजे पाऊण युनिटाच्या त्या बॅटरीत एक माणूस बसलेला आहे, जो न थकता, चहा न मागता, साडेसात तास पेडल मारील. सव्वाचार किलोचा हमाल! पूर्वी साहेब लोक डोंगर चढताना दहा-दहा हमाल बरोबर घेत, तेव्हा त्यांच्या जेवणाचं वजन वाहायला आणखी हमाल लागत. इथेही तीच गंमत आहे. हा हमाल आपलं स्वतःचं वजन स्वतः वाहून नेतो आणि उरलेल्या शक्तीत आपलं.

या हिशेबाला मी स्वयंपाकघरातून एक पुरवणी जोडली. पाऊण युनिट म्हणजे साधारण ६४५ किलोकॅलरी. एक ग्रॅम तुपात नऊ. तेव्हा सव्वाचार किलोच्या त्या बॅटरीत एकंदर जी शक्ती भरलेली असते, ती सुमारे बहात्तर ग्रॅम तुपात असते. बहात्तर ग्रॅम म्हणजे पाच मोठे चमचे. जर्मनीतल्या एवढ्या कारखान्यांनी एवढी वर्षं खपून जे सव्वाचार किलोत बसवलं, ते आमच्या आजीनं पुरणपोळीवर हात सैल सोडून ओतलेलं आहे. आता हे खरं, की खाल्लेल्या तुपातला पाचवा-चौथा हिस्साच पेडलपर्यंत पोचतो आणि बाकीची नुसती उष्णता होते. बॅटरीतलं मात्र बरंचसं चाकापर्यंत जातं. पण तरीही हिशेब तुपाच्याच बाजूनं पडतो.

भाच्यानं तेवढ्यात माझ्या पोटाकडे एक निर्मळ शास्त्रीय दृष्टिक्षेप टाकला आणि आकडेमोड केली. दहा किलो जादा चरबी म्हणजे सत्त्याहत्तर हजार किलोकॅलरी. म्हणजे पाऊण युनिटाच्या सुमारे १२० बॅटऱ्या. मी गेली पंधरा वर्षं १२० बॅटऱ्या पोटाशी बांधून हिंडतो आहे आणि माझा पल्ला घरापासून मंडईपर्यंत आहे! त्या क्षणी एक गोष्ट मला लख्ख कळली. साठा वेगळा आणि पल्ला वेगळा. पहिला वाढला म्हणून दुसरा वाढतोच असं नाही.

पण बॅटरीच्या बाबतीत तो वाढतो, आणि इथेच ‘असू दे बरोबर’ पंथाची बाजू भक्कम होते. हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे, कारण हलक्याफुलक्या जगण्याची स्तोत्रं गाणारे लोक हा हिशेब नेहमी लपवतात. अर्ध्याऐवजी पाऊण युनिट घेतलं तर वजन वाढतं दीडएक किलो. शंभर किलोत दीड किलो, म्हणजे चढायला दीड टक्का शक्ती जास्त लागणार. आणि मिळणार किती? दीडपट! दीड टक्का देऊन पन्नास टक्के घेणं, असा सौदा कुठल्या सावकारानं कधी कोणाला दिला आहे? तेव्हा बॅटरी जड झाल्यामुळे पल्ला कमी होतो ही निव्वळ समजूत आहे. गणित स्वच्छपणे सांगतं, आणखी थोडी घ्या.

खरी ग्यानबाची मेख या ‘आणखी थोडी’मध्ये आहे. कारण पुढच्या वेळीही गणित तेच सांगतं. बॉशच्या नळीत बसणाऱ्या बॅटऱ्या पाहा. २०१७ साली ५००, २०१९ साली ६२५, २०२१ साली ७५०, २०२४ साली ८००. आपल्या ओळखीतली कुटुंबं एका खोलीतून दोन खोल्यांत, दोनांतून तिनांत जातात तशीच ही चढण. आणि मोठी बॅटरी एकटी येत नाही. तिच्यासाठी नळी जाड करावी लागते. सायकल जड झाली म्हणून ब्रेक मोठे, टायर जाड, चाकं दणकट. एवढं सगळं ओढायचं म्हणून मोटर ताकदीची. आणि ताकदीची मोटर वीज जास्त खाते, म्हणून बॅटरी आणखी मोठी. लंगोटीला उंदरांपासून वाचवायला मांजर पाळणाऱ्या, मांजरासाठी गाय घेणाऱ्या आणि गाईसाठी संसार थाटणाऱ्या साधूची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. त्या साधूनंही प्रत्येक पायरीवर हिशेब बरोबरच केला होता. त्याची एकही पायरी मूर्खपणाची नव्हती. फक्त शेवटी तो साधू राहिला नाही.

मग वजन जाणवतं कुठे? चढावर नाही, कारण तिथे हमाल राबत असतो. ते जाणवतं हमाल ज्या ज्या ठिकाणी कामाचा नसतो तिथे. वाटेत झाड आडवं पडलेलं असतं. गुरांसाठी घातलेलं कुंपण असतं. मोटारीच्या मागच्या घोडीवर सायकल चढवायची असते. तळघराच्या पायऱ्या असतात. सपाटीवर २५ च्या वर वेग न्यायचा झाला की मोटर हात काढून घेते आणि पंचविसाव्या किलोपर्यंत सगळे किलो एकदम आपले होतात. उतारावर जड सायकल दगडधोंड्यांवरून छान दबून जाते, घाबरवत नाही. पण अरुंद वळणावर तिला वळवायची म्हणजे म्हशीला दारातून वळवण्यापैकी. आणि बॅटरी संपली, तर जिच्या भीतीनं ती एवढी मोठी घेतली तीच बॅटरी मेलेल्या पाहुण्यासारखी घरापर्यंत वाहून आणावी लागते. विजेची बॅटरी रिकामी झाली म्हणून हलकी होत नाही. शिदोरीत आणि बॅटरीत हा मोठा फरक आहे. शिदोरी जसजशी खावी तसतशी उतरते. बॅटरीचं ओझं भरलेलं असो की रिकामं, तेवढंच.

‘कशाला हवंय?’ पंथाचं म्हणणं या ठिकाणी सुरू होतं, आणि तेही खोटं नाही. हलक्या सायकलीवर माणूस सायकल चालवतो. जडावर तो बॅटरीची राखण करतो. भाच्याच्या सायकलीवर किती टक्के उरले ते दाखवणारा एक लहानसा पडदा आहे. तो आल्प्सच्या समोर, हिरव्यागार कुरणात, गाईंच्या घंटा ऐकत उभा असतो आणि पाहत असतो तो पडदा. ‘‘बेचाळीस उरलेत,’’ तो म्हणतो, डॉक्टरनं नाडी पाहून सांगावं तसा. मी त्याच्या तक्त्यातला एक रकाना मुद्दाम पाहिला, परत आल्यावर किती उरले होते तो. पूर्वी त्याच्याकडे अर्ध्या युनिटाची बॅटरी होती, तेव्हा तो तीस-पस्तीस टक्के शिल्लक ठेवून घरी येई. पाऊण युनिटाची घेतल्यावर पल्ला वाढला असेल असं कोणालाही वाटेल. पण वाटा त्याच, डोंगर तेच. शिल्लक तेवढी पन्नास-पंचावन्न टक्के. बॅटरी वाढली तशी भीतीही वाढली. थंडीत बॅटरी कमी पुरते, वारा समोरून येतो, बॅटरी जुनी होते तशी तिची धारणा उतरते, ही सगळी कारणं खरी आहेत. भीतीला खऱ्या कारणांची कधीच वाण नसते.

हे वाचताना सायकलशी ज्यांचा काडीचा संबंध नाही अशा वाचकांनाही आपलं पासबुक आठवलं असेल. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ होते. त्यांना आणि त्यांच्या पत्नीला बद्रीकेदारला जायचं होतं. पैसे नव्हते असं नाही, पण ‘जरा आणखी हाताशी असू द्यावेत’ म्हणून थांबले. मुलाचं शिक्षण झालं, थांबले. मुलीचं लग्न झालं, थांबले. फंड मिळाला, तोही ठेवीत टाकून थांबले. ठेवीची मुदत भरली त्या वर्षी गुडघ्यांची मुदत संपली. आता बॅटरी शंभर टक्के भरलेली आहे, आणि चाकं नाहीत. ते मला हसत हसत सांगतात, ‘‘व्याज चांगलं मिळालं हो!’’ त्यांच्या पत्नी मात्र तेव्हा खिडकीबाहेर पाहतात.

इथे हा लेख संपवून, ‘वाचकहो, हलके व्हा’ असा उपदेश करून मी मोकळा झालो असतो. पण हलकेपणाची दुसरी बाजू आहे, आणि ती या पंथातले लोक सांगत नाहीत. त्यांनी ती बरोबर आणलेलीच नसते.

पहिली गोष्ट, पल्ल्याची भीती ही नेहमीच हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही. कॅप्टन स्कॉट दक्षिण ध्रुवावर गेला, तेव्हा परतीच्या वाटेवर एक टन रसदीचा साठा करायचा ठरला होता. १९११ साली घोडे थकले म्हणून तो ठरल्या जागेच्या पन्नासएक किलोमीटर अलीकडेच पुरला गेला. त्या वेळी तो निर्णय काही वावगा वाटला नसेल. पुढच्या वर्षी, १९१२ च्या मार्चअखेर, ध्रुवावरून परतणारा स्कॉट आणि त्याचे दोन सोबती त्या साठ्यापासून वीसेक किलोमीटरवर तंबूत मरण पावले. साठा ठरल्या जागी असता तर ते त्याच्यापर्यंत पोचले असते. आणि त्यांच्या घसरगाडीवर काय होतं? वाटेत गोळा केलेले सोळा किलो दगड, जीवाश्मांचे. अन्न संपत आलं तरी ते त्यांनी टाकले नव्हते. त्या दगडांना ओझं म्हणायचं की पल्ला, याचा निर्णय मी अजून करू शकलेलो नाही. माणसं गेली, पण ते दगड इंग्लंडला पोचले आणि शास्त्रज्ञांच्या उपयोगी पडले.

दुसरी गोष्ट जास्त नाजूक आहे. हलका चालणारा माणूस हलका असतो, कारण त्याचं ओझं दुसरं कोणीतरी वाहत असतं. आल्प्समध्ये उंचावर राहण्या-जेवण्याची सोय असलेली घरं आहेत. त्यांपैकी पुष्कळ ठिकाणी आता सायकली चार्ज करता येतात. लहान बॅटरीवाला तिथे जाऊन ऐटीत म्हणतो, ‘‘बघा, एवढ्याशा बॅटरीवर आलो!’’ आणि पहिलं काम काय करतो, तर तार जोडतो. त्या घराला लागणारं सामान माल वाहायच्या दोरगाडीनं नाहीतर हेलिकॉप्टरनं वर आणलेलं असतं, आणि वीज बेतानं वापरावी लागते. त्याचं ओझं गेलं नाही. फक्त त्याच्या पाठीवरून दुसऱ्याच्या छपरावर गेलं. आषाढीच्या वारीत माणसं टाळ-चिपळ्या घेऊन किती हलकी चालतात! पण दिंडीच्या मागे शिधा, भांडी, तंबू घेतलेला ट्रक असतो, आणि मुक्कामी पोचून चुली पेटवणारे हात असतात. वारकऱ्याला ते ठाऊक असतं, तो त्या हातांनाही माउली म्हणतो. आपण शबनमवाले तेवढं विसरतो. ‘एवढं काय घेतलंय?’ म्हणून बायकोच्या पिशवीची टिंगल करणारा नवरा घाटात गाडी वळायला लागली की तिलाच विचारतो, ‘‘अगं, आवळासुपारी आहे का गं?’’ असते. त्याच पिशवीत असते.

म्हणजे जड जावं तर भीती वाहून न्यायची आणि हलकं जावं तर दुसऱ्याला वाहायला लावायचं, अशी ही अडचण. चौदा रकान्यांत तिचं उत्तर नव्हतं. ते आमच्या भाचेसुनेनं, तक्ता न पाहता, काढलं होतं. तिनं स्वतःसाठी ३६० वाली हलकी सायकल घेतली.

‘‘पुरते का गं तुला?’’ मी विचारलं.

‘‘मी याच्यापेक्षा पंचवीस किलोंनी हलकी आहे मामा, मला तेवढीच जास्त पुरते. आणि माझा हिशेब एकच आहे. माझी सायकल कुंपणावरून माझी मला उचलता आली पाहिजे. दर कुंपणाला ‘अरे, जरा हात लाव’ म्हणत उभी राहायला मला नाही आवडत.’’

‘‘आणि लांबच्या वाटेवर संपली तर?’’

ती हसली. ‘‘पायांनी चालवते. नाहीच जमलं तर हा आहे ना! याच्याकडे अर्धी तरी उरलेलीच असते.’’

भाच्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मागच्या उन्हाळ्यात नेमकं तेच घडलं होतं, असं मग कळलं. शेवटच्या चढाला तिची बॅटरी संपली. आता दोन माणसं प्रवासात असली की पोळी अर्धी करता येते, पाणी एका बाटलीतून दुसरीत ओतता येतं. पण याच्या नळीतली बॅटरी तिच्या नळीत बसत नव्हती, वीज ओतता येत नव्हती. वाटून घेता येत नाही असा साठा! त्यावर भाच्यानं एक ताणली जाणारी दोरी काढली, आपल्या सायकलीच्या मागे बांधली, दुसरं टोक तिच्या सायकलीला, आणि तिला ओढत घाट चढला. तिचेही पाय चालू होतेच. घरी आला तेव्हा त्याच्या पडद्यावर नऊ टक्के उरले होते. ‘‘आणि मामा,’’ भाचेसून म्हणाली, ‘‘त्या दिवशी यानं वाटेत पडद्याकडे एकदाही पाहिलं नाही.’’

मला वाटतं, या प्रकरणातला खरा हिशेब त्या नऊ टक्क्यांत आहे. पाऊण युनिटाची ती बॅटरी घेतल्यापासून पहिल्यांदा पुरती वापरली गेली, आणि ती वापरली गेली दुसऱ्यासाठी. तोपर्यंत तिच्यातला निम्मा साठा नुसता डोंगर चढून उतरत होता. वजन तेच, सव्वाचार किलो. पण स्वतःच्या भीतीसाठी वाहिलं की ते ओझं असतं आणि दुसऱ्याच्या गरजेसाठी वाहिलं की ती शिदोरी होते. हा फरक कुठल्याही वजनकाट्यावर दिसत नाही, म्हणूनच आपण इतकी वर्षं बॅगेवरून भांडत आलो.

आणि मग ‘असू दे बरोबर’ पंथाकडे जरा नीट पाहावं लागतं. त्या एका वाक्यात दोन अगदी निरनिराळ्या जातीची माणसं लपलेली आहेत. एकाच्या बॅगेत स्वतःची दोन कुलपं आणि चार किल्ल्या असतात. दुसरीच्या पिशवीत ओवा, आवळासुपारी, ताप उतरायची गोळी आणि कोणाच्या तरी पोरासाठी जादा स्वेटर असतो. तिला स्वतःला गाडी लागत नाही, तापही येत नाही. ती पिशवी तिनं स्वतःसाठी भरलेलीच नसते. पण बाहेरून दोन्ही पिशव्या फुगलेल्याच दिसतात, आणि आपण दोघांनाही एकाच तोंडानं हसतो.

तेव्हा बॅटरी केवढी घ्यावी? माझ्यापुरतं उत्तर असं. जी स्वतःची स्वतःला उचलता येईल ती. त्याहून जास्त घ्यायची असेल तर दोरीही बरोबर घ्यावी. ज्याच्याकडे जादा साठा आहे आणि दोरी नाही, त्यानं हवं तर गणित करून दाखवावं. पण तो नुसताच जड आहे. आणि ज्याच्याकडे दोन्ही नाहीत, त्यानं निदान ज्याच्याकडे आहे त्याच्या सामानाला नावं ठेवू नयेत.

एवढं पटलं असेल तर पुढचं आपोआपच आलं. पुढच्या खेपेला स्टँडवर गाडी लागेल, सामानात एक मोठी, फुगलेली, कशाकशानं भरलेली पिशवी असेल, आणि ‘शबनम’ पंथातले आपण रिकाम्या हातानं खिडकीची जागा धरायला धावत असू. तेव्हा थोडं थांबावं. पिशवीत जे आहे ते जर सगळ्यांसाठी असेल, तर ती जिनं भरली तिनंच उचलावी असा काही कायदा नाही. एक बंद आपण धरावा. ती म्हणेल, ‘‘राहू द्या, जड आहे.’’ आपण म्हणावं, ‘‘असू दे.’’